कच्छमधले पाच दिवस आणि बाबांचा एअर बेस

डिसेंबरमध्ये कच्छला जाऊन आले. सोबत माझे बाबा, वय ७४, आणि माझा मुलगा, वय १३. दोघांचं गुडघ्यांवरून आणि मोबाईलवरून अजिबात पटत नाही पण विमान म्हटलं की एक होतात. बाबा ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यातून रिटायर झाले, म्हणजे नाशिककर ज्याला नुसतं 'मिग' म्हणतात तिथून. ३३ वर्षं विमानं जोडली पण ती विमानं पुढे जिथे राहायला गेली तो एकही बेस माणसाने बघितला नव्हता. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तो कार्यक्रम टीव्हीवर बघताना एक शब्द बोलले नाहीत, आणि रात्री जेवताना एकदम म्हणाले, "भुजला जाऊ या का?"

म्हणलं बाबा, बेसमध्ये कोणी आत सोडत नाही. म्हणाले, "आत कुठे जायचंय, बाहेरून बघू."

दिवस १ : भुज

मुंबईहून कच्छ एक्सप्रेस. पहाटे सुरजबारीच्या पुलावर जाग असेल तर खिडकीशी बसा, दोन्ही बाजूला खाडीचं पाणी आणि मिठाचे ढीग, अर्धवट झोपेत बर्फच वाटतो. मुलगा उठला नाही आणि नंतर मलाच बोलला की उठवलं का नाही.

भुजला उतरल्यावर पहिल्यांदा थंडी लागते आणि दुसऱ्यांदा भूक. स्टेशनवरून हॉटेल, अंघोळ, आणि लगेच दाबेली. आपल्याकडे गाडीवर 'कच्छी दाबेली' लिहिलेलं असतं तिचं माहेर हे, खरं तर मांडवी. फरक सांगते. इथली कमी गोड आणि मसाला जास्त झणझणीत, आणि शेंगदाणे भरपूर. बाबांनी दोन खाल्ल्या आणि म्हणाले की नाशिकची बरी. यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

दुपारी आयना महाल, प्राग महाल आणि कच्छ म्युझियम (१८७७ चं, गुजरातमधलं सगळ्यात जुनं) पटापट उरकलं. संध्याकाळी हमीरसर तलावाच्या कठड्यावर बसलो. शेजारी एक रिटायर्ड शिक्षक काका बसले होते, त्यांनी विचारलं रण बघायला आलात का, बाबा म्हणाले नाही, एअर बेस. काका हसले. "एअर बेस तो माधापरमां जोवाय." एअर बेस बघायचा तर माधापरला जा, असं. आम्हाला वाटलं तिथून भिंत दिसत असेल. तसं नव्हतं ते.

टिप: रणोत्सवाच्या सीझनमध्ये हॉटेलचे रेट चढतात, दोन महिने आधी बुक करा. आणि हिवाळ्यात गेलात तर अडदिया नक्की घ्या, उडदाचं पीठ, तूप, डिंक आणि गरम मसाल्यांचा पाक, आपल्या डिंकाच्या लाडवाचा मोठा भाऊ.

दिवस २ : माधापर

माधापर भुजला चिकटूनच आहे, रिक्षाने गेलो. खेडं म्हणून मनात चित्र होतं ते पहिल्या चौकातच गळून पडलं, चकाचक बंगले आणि बँकाच बँका. इथले पटेल लोक पिढ्यान् पिढ्या केनिया आणि इंग्लंडला आहेत, पैसे गावाकडे पाठवतात. रिक्षावाले भाई म्हणाले निम्मी घरं बंद, दिवाळीला नाहीतर लग्नाला उघडतात.

या गावाची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, मध्ये सिनेमाही आला होता. पण सिनेमात धूर फार आणि सिमेंट कमी, म्हणून जरा नीट सांगते.

भुज ते कराची हवेतून साधारण सव्वातीनशे किलोमीटर. जेटला काहीच नाही. त्यात कच्छची जमीन अशी की अर्धं वर्ष रण पाण्याखाली आणि उरलेलं अर्धं वर्ष चिखल नाहीतर मीठ, मोठी फौज रस्त्याने पटकन हलवणं अवघड. म्हणून इथे धावपट्टीला एवढी किंमत. १९७१ चं युद्ध ३ डिसेंबरला पेटलं, पलीकडे जामनगरहून आपली हंटर विमानं कराचीच्या तेलाच्या टाक्यांवर जाऊन आली, आणि भुजवर पाकिस्तानी विमानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. ८ डिसेंबरला सेबर विमानांनी इथल्या धावपट्टीवर चौदाच्या वर बॉम्ब टाकले आणि पट्टी बंद पडली.

बेसचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. नागपूरचे! बाबांना हे आधीच माहीत होतं आणि दर तासाला एकदा ते आम्हाला सांगत होते. कर्णिकांच्या हाताशी दोन अधिकारी, हवाई दलाचे पन्नास जवान आणि डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे साठ. एवढ्या माणसांत बेसही सांभाळायचा आणि पट्टीही दुरुस्त करायची हे जमण्यासारखं नव्हतं, मजूर मिळत नव्हते. मग माधापरला निरोप गेला, आणि गावातून जवळजवळ तीनशे बायका आल्या. बहात्तर तासांत पट्टी उभी केली.

इथे मुलाने विचारलं, "खड्डाच भरायचा ना, त्यात काय एवढं?" बाबा ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. ह्या बायकांच्या स्मारकाच्या बाकावर बसून त्यांनी शाळाच घेतली. म्हणाले, रस्त्याचा खड्डा आणि रनवेचा खड्डा यात फरक आहे. ट्रक खड्ड्यात आपटतो आणि पुढे जातो, विमान ताशी अडीचशे किलोमीटरने धावत असतं, जरासा उंचवटा राहिला तरी चाक मोडतं. आणि खड्ड्यापेक्षा वाईट म्हणजे आजूबाजूला उडालेले दगड, खडी, पत्र्याचे तुकडे. जेट इंजिन पुढून हवा ओढतं तेव्हा सुपारीएवढा खडाही आत गेला तर आतली पाती गेली. म्हणजे खड्डा मुरुमाने भरा, ठोका, वर सिमेंट घाला, सपाट करा, आणि मग सगळी पट्टी झाडून काढा. "झाडून," ते परत म्हणाले, "आमच्याकडे हँगरमध्ये एक वॉशर सापडला नाही तर सगळं काम थांबवून शोधायचो. तो झाडू म्हणजे साधं काम नव्हे."

वीरांगना स्मारक बघून निघालो तर कोपऱ्यावरच्या घराच्या ओट्यावर एक बा, म्हणजे आजी, मेथी निवडत बसल्या होत्या. आम्ही पाणी मागितलं, तर "आवो बेन, बेसो" म्हणून चहाच आला. मला वाटलं ह्या तीनशेमधल्या असतील, विचारलं. खळखळून हसल्या. त्या नव्हत्या गेल्या, तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. काकी गेली होती. माझं गुजराती दुकानापुरतं आणि त्यांच्यात मध्येच कच्छी, त्यामुळे जे कळलं ते असं.

काकीला हिरवी साडी नव्हती. बायकांना फिकट हिरव्या साड्या नेसायला सांगितलं होतं, वरून झाडीत दिसू नयेत म्हणून. मग शेजारणीची मागून नेली, आणि परत आली तेव्हा साडीला सिमेंट असं बसलं होतं की ते शेवटपर्यंत निघालं नाही, आणि त्यावरून दोन्ही घरांत वर्षभर कुरबूर होती! मला हे फार आवडलं. कुठल्याही पाटीवर हे लिहिलेलं नाही.

बारा वर्षांच्या मुलीकडे घरात काय काम, तर धाकटी पोरं सांभाळायची आणि कंदिलावर फडकं टाकून रोटले भाजायचे. ब्लॅकआउट होता. सायरन झाला की काकी आणि बाकीच्या बायका पट्टीवरून पळत झुडपांत जाऊन पडायच्या, पुन्हा सायरन झाला की पुन्हा घमेली उचलायची. ओलं सिमेंट वरून दिसू नये म्हणून त्यावर शेण सारवायचं. पहिल्या दिवशी तिथे खायलाच नव्हतं काही, बायका उपाशी झोपल्या, दुसऱ्या दिवशी मंदिरातून फळं आणि मिठाई आली. चौथ्या दिवशी विमान उडालं.

मी विचारलं काकीला भीती नाही वाटली? "बीक तो लागे ज ने," बा म्हणाल्या, भीती वाटणारच की, "पण काम पतावीने घरे जवुं हतुं." काम संपवून घरी जायचं होतं, पोरं होती ना घरी.

नंतर सरकारने बक्षीस द्यायचं म्हटलं तर बायका नको म्हणाल्या. मिळालेले पन्नास हजार गावाच्या हॉलला दिले. कर्णिक पुढे मुलाखतींत सांगत की ह्यातली एखादी जरी बाई दगावली असती तर फार महागात पडलं असतं, पण निर्णय त्यांनी घेतला, आणि हल्ला झाला तर कुठे लपायचं ते बायकांना आधीच समजावून दिलं होतं. बाबांचं ह्यावरचं मत वेगळं. ते म्हणाले अधिकाऱ्याने निर्णय घेतला हे खरं, पण उघड्या पट्टीवर कोण होतं? एवढं बोलून चहाचा कप खाली ठेवला.

आणि ही गोष्ट काही म्युझियममध्ये गेलेली नाही. मे २०२५ मध्ये परत तेच झालं, भुजवर ड्रोन आले, ब्लॅकआउट झाला, आणि ज्या चार हवाई तळांवर थोडं नुकसान झालं असं सरकारने सांगितलं त्यात भुज होतं. बा म्हणाल्या सूनबाईने लाइट बंद करायला सांगितले तर माझा हात आपोआप कंदिलाचं फडकं शोधत होता.

निघताना त्यांनी मेथीची जुडी दिली. हॉटेलात मेथीचं काय करणार, रिक्षावाल्या भाईंना दिली.

टिप: माधापरला अर्धा दिवस द्या आणि स्मारकापुढे फोटो काढून पळू नका. बेसच्या भिंतीजवळ, गेटजवळ मोबाईल खिशातच ठेवा. आमच्या चिरंजीवांनी रिक्षातून सहज फोन वर धरला तर गेटवरच्या जवानाने थांबवलं, फोटो डिलीट करायला लावला, 'रिसेंटली डिलीटेड'मधूनही. शांतपणे बोलला, बरोबरच होतं त्याचं. बाबा तेवढ्यात त्याला म्हणाले, "बेटा, मी मिग बनवायचो." त्याने सलाम ठोकला. दिवसभर बाबा ताठ चालत होते.

दिवस ३ : भुजियो डुंगर

खरं तर आज पांढऱ्या रणात जायचं होतं पण बाबांचे पाय दुखत होते, म्हणून सकाळी स्मृतिवन. भुजच्या कडेला जी टेकडी आहे, भुजियो डुंगर, तिच्यावर ४७० एकरांत २००१ च्या भूकंपाचं स्मारक आहे, २०२२ मध्ये उघडलं. लहान लहान बंधारे आहेत आणि त्यांच्या भिंतींवर गेलेल्या माणसांची नावं, १२,९३२. आपण चालत राहतो आणि नावं संपत नाहीत. एकाच आडनावाची सात, आठ, नऊ. मुलगा आधी मोठ्याने वाचत होता मग गप्प झाला.

म्युझियम फार सुंदर केलंय, कमीत कमी तीन तास लागतात. एका खोलीत जमीन हलते. बाबा बाहेरच थांबले, म्हणाले मला नको.

वर सनपॉइंटला गेल्यावर सगळं भुज दिसतं आणि लांब उत्तरेकडे सपाट माळ. बेस त्या बाजूला. बेसचं दुसरं काम इथे उभं राहिलं की कळतं. २६ जानेवारी २००१, सकाळी ८.४६, देशात झेंडे फडकत होते आणि इथे घरं पडत होती. बेसवरही क्वार्टर्स पडले, हवाई दलाची माणसं, बायकामुलं गेली. पण धावपट्टी टिकली. रस्ते, रेल्वे, फोन सगळं तुटलेलं असताना आयएल-७६ आणि एएन-३२ विमानं औषधं, तंबू, डॉक्टर घेऊन ह्याच पट्टीवर उतरायला लागली आणि जखमींना घेऊन परत जायला लागली. म्हणजे ज्यांची स्वतःची घरं पडली होती ते लोक दुसऱ्यांसाठी विमानं उतरवत होते. बाबा म्हणाले त्या आठवड्यात ओझरलाही कुणी धड जेवत नव्हतं.

मला तिथे उभं राहून एकच वाटलं, की १९७१ मध्ये गावाने पट्टी वाचवली आणि तीस वर्षांनी पट्टीने गाव. जुळवून आणल्यासारखं वाटतं पण तारखा तशाच आहेत.

टिप: सकाळी लवकर जा, टेकडीवर सावली नाही, डिसेंबरातही दुपारी ऊन चावतं. पाणी जवळ ठेवा.

दिवस ४ : नलिया, सुथरी, मांडवी

भाड्याची गाडी घेऊन पहाटे सहाला निघालो. नलिया भुजपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, आणि गुजरातच्या बातम्यांमध्ये हिवाळ्यात रोज 'राज्यात सर्वात थंड नलिया' असतं. गाडीत सहा डिग्री दाखवत होतं. मी नाशिकची, मला थंडीचं काय, असं म्हणत एकच स्वेटर घेतला होता. चूक. इथलं वारं खाडीवरून येतं आणि हाडात जातं. रस्त्यात एका टपरीवर बाजरीचा रोटला, गूळ, पांढरं लोणी आणि लसणाची चटणी मिळाली, ती नसती तर परत फिरलो असतो.

नलियाचा बेस सीमेच्या अजून जवळ. इथूनच १० ऑगस्ट १९९९ ला, कारगिल संपून महिनाही झाला नव्हता, दोन मिग-२१ उडाली आणि पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक जातीचं टेहळणी विमान पाडलं. आतले सोळाच्या सोळा जण गेले. भारत म्हणाला आमच्या हद्दीत होतं, पाकिस्तान म्हणाला आमच्या, पाकिस्तानने हेगच्या कोर्टात केस टाकली आणि २००० मध्ये कोर्टाने आम्हाला हा खटला चालवायचा अधिकारच नाही म्हणून सांगितलं. सीमेवरच्या सर क्रीक या खाडीत हद्द कुठे आहे यावर इथे आजही वाद आहेच, चिखलात रेघ कोण मारणार.

बाबांना ह्या मिगचंच कौतुक होतं. "बिस होतं ते. बिस आम्हीच करायचो." बिस म्हणजे मिग-२१ चाच एक प्रकार. म्हणजे तुम्ही जोडलेलं? "असेलही." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "सोळा माणसं होती त्यात."

आम्ही गावातल्या चहाच्या टपरीवर बसलो, बेसपासून चांगले लांब. एवढ्यात वरून आवाज आला. मुलगा आकाशात शोधायला लागला, त्याला काही दिसेना. बाबांनी वर बघितलंच नाही, कप हातात धरून डोळे मिटून ऐकलं. आवाज विरल्यावर म्हणाले, "आपलं नाही."

टपरीवाला म्हणाला पूर्वी चहाचे ग्लास थरथरायचे, आता नवीन विमानं येतात तेव्हा म्हशी पण मान वर करत नाहीत.

नलियाहून मांडवीला जाताना सुथरी लागतं. जैन लोकांना ते देरासरासाठी, म्हणजे जैन मंदिरासाठी माहीत आहे. एमपीएससी केलेल्यांना बलवंतराय मेहता हे नाव पाठ असतं, पंचायत राजची १९५७ ची समिती, जिच्यावरून आपल्याकडे पुढे वसंतराव नाईक समिती आणि जिल्हा परिषदा आल्या. मी पण पाठ केलं होतं, दोन मार्कांसाठी. पण हा माणूस कसा गेला ते कुठल्या गाईडमध्ये नव्हतं. १९६५ चं युद्ध, १९ सप्टेंबर, मेहता गुजरातचे मुख्यमंत्री. मिठापूरहून छोट्या बीचक्राफ्ट विमानाने कच्छची सीमा बघायला निघाले. सोबत पत्नी, तीन कर्मचारी, एक पत्रकार आणि विमानावरचे दोघं. चालवत होते जहांगीर इंजिनियर, हवाई दलातले जुने वैमानिक, हवाई दलप्रमुख राहिलेल्या अस्पी इंजिनियर यांचे भाऊ. पाकिस्तानी लढाऊ विमान समोर आल्यावर इंजिनियरनी पंख हलवून खूण केली की हे साधं नागरी विमान आहे. तरी हुकूम आला आणि गोळ्या सुटल्या. आठही जण सुथरीजवळ पडले.

२०११ मध्ये, ४६ वर्षांनी, तो पाकिस्तानी वैमानिक कैस हुसेन याने इंजिनियर यांच्या मुलीला पत्र लिहून दुःख व्यक्त केलं, आणि तिने त्याला मनात कडवटपणा नाही असं उत्तर पाठवलं. हे मी गाडीत वाचून दाखवलं तेव्हा आमचे ड्रायव्हर भाई, जे सकाळपासून फक्त गाणी लावत होते, त्यांनी गाणं बंद केलं.

मांडवीला पोचेपर्यंत तीन वाजले. रुक्मावती नदीच्या काठावर अजूनही हाताने लाकडी जहाजं बांधतात, चार मजली उंच, लोक खाली उभं राहून खिळे ठोकतायत. बाबा तिथे एक तास हलले नाहीत. एका मिस्त्रीशी गप्पा, ह्याला हिंदी कमी त्याला मराठी शून्य, पण दोघं एका फळीवरून हात फिरवत काहीतरी बोलत होते आणि पटत होतं.

टिप: ह्या वाटेवर जेवणाची ठिकाणं कमी, सकाळीच पोटभर खा. पेट्रोल भुजलाच भरा. दोन स्वेटर.

दिवस ५ : परत

रण राहिलंच. सगळ्यांनी विचारलं कच्छला जाऊन रण नाही बघितलं? नाही बघितलं. परत जाऊ.

येताना बाबांना ट्रेन नको म्हणून भुज–मुंबई विमान घेतलं. आणि इथे एक गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. भुजचं प्रवासी विमानतळ छोटंसं आहे, धावपट्टी हवाई दलाचीच. म्हणजे चार दिवस ज्या पट्टीच्या भिंतीभोवती आम्ही घिरट्या घालत होतो तिच्यावरूनच उडणार होतो! मुलाने हे सांगितल्यावर बाबा वेब चेक-इनमध्ये खिडकीची सीट मिळेपर्यंत माझ्या मागे उभे होते.

विमानात बसलो, पट्टा लावला, बाबांनी चष्मा पुसला. आणि घोषणा झाली, हा संरक्षण दलाचा विमानतळ आहे, खिडक्यांचे पडदे कृपया खाली करा, फोटो काढू नका. एअर होस्टेस स्वतः येऊन बघून गेली.

मला फार वाईट वाटलं. म्हणलं बाबा, सॉरी. त्यांनी निमूटपणे पडदा खाली ओढला. विमान वळलं, थांबलं, इंजिनाचा आवाज वाढला आणि धावायला लागलं. बाबांनी तळपाय जमिनीवर घट्ट टेकवले होते आणि डोळे मिटले होते, नलियाच्या टपरीवर होते तसेच. चाकं उचलली तेव्हा म्हणाले,

"एक पण दणका बसला नाही. सपाट आहे एकदम."